लहान खोलीसाठी स्पीकर आणि ॲम्प्लिफायरची निवड

साधारण १० ते १५ चौरस मीटरच्या बंद खोलीत दोन स्पीकरवर संगीत ऐकायचे असेल, तर आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी ॲम्प्लिफायर असा विचार करावा लागतो. वॅटच्या आकड्यापासून सुरुवात केली की निवड हमखास चुकते, कारण जे दोष कानाला सर्वाधिक खुपतात ते खोलीत असतात आणि जास्त वॅटने ते झाकले जात नाहीत.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे परततो आणि काही ठरावीक कंप्रतांना खोली घुमते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ३.५ मीटर लांबीत पहिली घुमणारी कंप्रता सुमारे ४९ हर्ट्झ येते आणि ३ मीटर रुंदीत ५७ हर्ट्झ. वेगाला अंतराच्या दुपटीने भागले की हा आकडा मिळतो. लांबीच्या दिशेचा हा स्वर मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला फुगलेला ऐकू येतो आणि दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. या दोन्ही जागा टाळाव्यात. खोली चौरस असेल तर लांबीची आणि रुंदीची कंप्रता एकच होते, आणि असा बास (खालच्या कंप्रतांचा आवाज) सावरणे फार अवघड जाते.

त्यामुळे लहान खोलीत ५ ते ६.५ इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे), स्टँडवर ठेवायचे स्पीकर बहुधा बरे पडतात. ३० हर्ट्झपर्यंत उतरणारे उंच स्पीकर वाईट नसतात, पण खोलीच्या सर्व घुमणाऱ्या कंप्रतांना ते पूर्ण जोराने चेतवतात. पेटी बंद आहे की तिला पोर्टचे भोक आहे, हेही पाहावे. बंद पेटीचा बास खाली उतरताना दर सप्तकाला (कंप्रता निम्मी होताना) १२ डेसिबलने घटतो, पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरला भिंत स्वतःच बास देते, म्हणून तिथे हळूहळू उतरणारी बंद पेटी छान जुळते. पोर्टचा स्पीकर भिंतीलगत ठेवावाच लागला आणि गुबगुबीत वाजू लागला, तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून पाहावे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला ‘एलएस ३/५ए’ अशाच छोट्या बंद पेटीचा आहे. खोल बास सोडून देऊन त्यात आवाजाचा मधला पट्टा सांभाळला आहे. अडचणीच्या जागेसाठी आजही हाच सौदा शहाणपणाचा.

आता वॅट. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो याचा, आकडा सहसा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला एवढ्या व्होल्टवर १ वॅट मिळतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २ वॅट. म्हणजे ४ ओहमचा ८८ डेसिबल वॅटच्या हिशेबात ८५ च असतो. ८ ओहमचा, ८६ डेसिबलचा स्पीकर घेऊ. श्रोता २.५ मीटरवर बसला की अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरमुळे ३ परत मिळतात. १ वॅटवर उरले ८१, तेही खोलीचे परावर्तन न धरता. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकताना तबल्याची थाप क्षणभर ९५ पर्यंत उसळते असे मानले, तरी वरच्या १४ डेसिबलसाठी सुमारे २५ वॅट पुरतात. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला की राखीव जागाही उरते. त्याऐवजी १०० वॅटचा घेतला तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल.

वॅटपेक्षा इंपीडन्सचा, म्हणजे स्पीकरच्या ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विरोधाचा, सर्वांत खालचा आकडा महत्त्वाचा. ८ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर काही कंप्रतांना ४ च्याही खाली जातो. तिथे लागणारा जादा करंट ॲम्प्लिफायरला झेपला पाहिजे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स जास्त असल्याने असा चढउतार थेट सुरात उतरतो. दुबळा ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर ताणला की लहरींची टोके कापली जातात, ट्वीटरकडे (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याकडे) जाणारी ऊर्जा वाढते आणि त्याची कॉइल जळू शकते.

रात्री हळू आवाजात गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुधा व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये सापडते. नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे (फिरवून रोध बदलणाऱ्या भागाचे) डाव्या-उजव्या बाजूंचे दोन ट्रॅक अगदी सुरुवातीला नीट जुळत नाहीत. २ व्होल्ट देणारा डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि २८ डेसिबल, म्हणजे सुमारे २५ पट गेन (संकेताची वाढ) असलेला ॲम्प्लिफायर जोडला की रोजचे सगळे ऐकणे नॉबच्या त्याच भागात होते. डॅकचा आउटपुट १० डेसिबलने उतरवला की नॉब वर न्यावा लागतो आणि गायक मध्यभागी येतो.

वायरीसाठी ३ मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरचे साधे तांबे पुरेसे आहे. जाण्यायेण्याचा रोध ०.०५ ओहमच्याही आत राहतो. जोडताना लाल-काळे एका बाजूला उलटले तर बास पातळ होतो आणि मधला आवाज विरून जातो. शंका आल्यास वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: लाल वायर सेलच्या धन टोकाला असेल तर वूफरचा पडदा सहसा बाहेर येतो. दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत.