सेल नावाची खोली

घड्याळात सेल घालतात, दुकानात सेल लागतो, पोलिसांचा सायबर सेल असतो, एक्सेलच्या सेलमध्ये आकडे भरतात आणि विदर्भात, नंदुरबारकडे ‘सिकलसेल’ हा रक्ताचा आजार गावोगावी माहीत असतो. यातला दुकानातला सेल मात्र घुसखोर. जुन्या नॉर्स भाषेत ‘साला’ म्हणजे विक्री, तिथून तो आला. इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही वेगळं. देवनागरीत आला आणि गर्दीत मिसळून गेला.

बाकीचे सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये ‘केल्ला’ म्हणजे छोटी खोली, कोठार. त्यामागचा धातू झाकण्या-लपवण्याचा. नरकाला इंग्रजीत ‘हेल’ म्हणतात, तोही याच कुळातला. मठातल्या साधूची खोली सेल, मधमाशीच्या पोळ्यातलं घर सेल, तुरुंगातली कोठडी पुढे आली.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं आपल्या सूक्ष्मदर्शकातल्या नोंदी छापल्या. बाटलीच्या बुचाचा, वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूनं काढलेला अगदी पातळ काप त्यानं काळ्या पट्टीवर ठेवला, कारण बूच पांढरट. भिंगानं त्यावर उजेड पाडला, तर आत पोळ्यासारखी भोकं. गडी एवढ्यावर थांबला नाही, मोजायला बसला. इंचाच्या अठराव्या भागात साठ, म्हणजे इंचात १०८०, आणि घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार! या खोल्यांना त्यानं सेल म्हटलं.

गंमत अशी की त्याला दिसल्या त्या मेलेल्या भिंती. आतला जीव कधीच गेला होता. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउननं ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाला नाव दिलं, १८३९ मध्ये थिओडोर श्वाननं प्राणीही पेशींचेच बनलेले असल्याचं मांडलं. प्राण्यांच्या पेशीला तर वनस्पतींसारखी भिंतही नसते. तरी नाव रिकाम्या खोलीचंच राहिलं. मराठी ‘पेशी’ या बाबतीत उजवी, तिचा संस्कृत अर्थ मांसाचा गोळा. कोर्टातली पेशी वेगळी, ती फारसीतून आलेली.

विजेचा सेलही खोलीच. १८०० च्या सुमारास विल्यम क्रुकशँकनं लाकडी पेटीत तांब्या-जस्ताचे पत्रे उभे बसवून कप्पे केले आणि त्यांत आम्ल ओतलं. असे अनेक कप्पे जोडले की ती बॅटरी. त्याआधी बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या बरण्यांच्या रांगेला तोफांच्या रांगेचं हे नाव दिलं होतं.

मोबाइलचा ‘सेल्युलर’ १९४७ चा. बेल लॅब्जमध्ये डग्लस रिंगनं एका टिपणात शहराचे षट्कोनी तुकडे पाडले. फोनच्या रेडिओ लहरींचे पट्टे मोजकेच, म्हणून शेजारच्या तुकड्यांत वेगळे पट्टे वापरायचे आणि लांबच्या तुकड्यात तेच पुन्हा. षट्कोन कशाला? मध्ये फट राहत नाही म्हणून. अर्थात हा कागदावरचा हिशेब. डोंगर आणि इमारती आड येतात तिथे टॉवरचा सेल हवा तसा वेडावाकडा होतो, आणि घाटात कॉल तुटतो.