निरवानिरव, मालमत्तेची (खानदेश)

निरवानिरव : आपल्या पश्चात शेत, घर, सोने, धंदा आणि देणीघेणी कोणाकडे व कशी जावीत, याची हयातीत केलेली कायदेशीर तजवीज. मृत्युपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, नामनिर्देशन आणि भागीदारीचा करार ही तिची साधने. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत बोलण्यात शब्द येतात ते ‘वाटणी’ आणि ‘वारस लावणे’. बहुतेक गोंधळ या ‘लावण्या’तच आहे.

वडील वारले की तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर मुलांची नावे चढतात. नाव चढले म्हणजे मालकी आली, असा समज पक्का आहे. कायद्याच्या दृष्टीने महसुली नोंद शेतसाऱ्यापुरती; मालकी ठरते ती वारसाहक्काने किंवा दस्ताने. बँकेतल्या ‘नॉमिनी’चेही तेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण नॉमिनी रक्कम स्वीकारतो, तिचे धनी वारसच. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. अपवाद आयुर्विम्याचा : २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर सामान्यतः रक्कम त्यांचीच होते.

खानदेशच्या अहिराणी बोलीत मुलगा तो आंडोर, मुलगी ती आंडेर. शब्दांत फरक एका कान्याचा. जुन्या वाटण्यांत मात्र तो अख्ख्या शिवाराएवढा असे. बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी यायची, साडी-चोळी घेऊन परतायची, आणि हिश्शाचे नाव काढणे वाईट दिसायचे. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने तोवर अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो सर्वच हिंदू मुलींना मिळाला. त्या तारखेला वडील हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ठरले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी उकरता येत नाही. चार पंचांसमोर झालेली तोंडी वाटणी मात्र, सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याखेरीज, या संरक्षणात बसत नाही. खानदेशातील कितीतरी जुन्या वाटण्या अशाच तोंडी आहेत. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर तिचे हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. साध्या कागदावरच्या संमतीने तिचा हक्क जात नाही. ती सही मनापासूनची की भावाचे दार बंद होईल या धास्तीची, हे कोणत्याच दस्तात दिसत नाही.

शेताची वाटणी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते. मालकीचा वाद निघाला तर आधी दिवाणी न्यायालय. तुकडेबंदी कायद्याने साधारणपणे जिरायतीचा २० आणि बागायतीचा १० गुंठ्यांहून लहान तुकडा पाडता येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जमिनीहून अवघड वाटणी पाण्याची : विहीर एकाच्या गटात, पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधावरून, वीजमीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर. विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी आणि पाइपलाइनचा रस्ता वाटणीपत्रात लिहिला नाही, तर भाऊबंदकीचा पहिला दावा तिथूनच निघतो.

नंदुरबार आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा या अनुसूचित जमातींना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. कलम २(२) तसे सांगते. वारसा रूढीने चालतो. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने आहेतच.

व्यापाऱ्याचा प्रश्न वेगळा. आडत पेढी, डाळमिल, जिनिंग यांची भागीदारी अनेकदा भावाभावांत असते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात उलट काही नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते; भागीदार दोघेच असतील तर करारही तिला वाचवत नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक वारसाला चालत नाही, नवा काढावा लागतो. मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) किंवा कंपनी केल्यास सभासद गेला तरी संस्था राहते, आणि धंद्याचे कर्ज घरावर येण्याचा धोका कमी होतो. मालकाने स्वतः जामीन राहून सही दिली असेल तर ही भिंत उपयोगाची नाही, आणि बँका ती सही सहसा मागतातच.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लिहून देणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरे. साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयाने लहान निवडावेत. नाहीतर न्यायालयात शाबित करायच्या वेळी तेच गेलेले असतात. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता आणि वडिलोपार्जित मालमत्तेतील केवळ आपला वाटा मृत्युपत्राने देऊ शकते. मुस्लिम व्यक्ती, वारसांच्या संमतीविना, एकतृतीयांशापर्यंतच.

मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते, बक्षीसपत्र सहसा फिरवता येत नाही. म्हणून जिवंतपणी सगळे मुलांच्या नावे करणाऱ्याने सांभाळाची अट दस्तातच घालावी. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो दस्त रद्द करून मागता येतो.