एपिंगच्या हॉर्नबीमवर आज करवत का चालते? – पार्श्वभूमी

लंडनच्या ईशान्येला एपिंगचं जंगल आहे. तिथले शेकडो वर्षांचे हॉर्नबीम नावाचे वृक्ष हल्ली पुन्हा छाटले जातात, आणि ते झाडं वाचवण्यासाठीच, हे फिरायला येणाऱ्यांना पटता पटत नाही. या छाटणीचं मूळ 1878 च्या एका कायद्यात आहे. त्याआधीची काही शतकं दोन वाक्यांत आटोपतात. रान राजाच्या शिकारीचं, जमीन जहागीरदारांची. गावकऱ्यांकडे चराईचा आणि सरपणाचा हक्क.

सरपणासाठी झाड बुंध्यातून तोडत नसत. गुरांचं आणि हरणांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या उतरवायच्या, आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथंच नव्याने फुटलेल्या पुन्हा उतरवायच्या. कोकणात राबासाठी ऐनाची कवळं तोडतात, त्यातलाच प्रकार. हॉर्नबीमला हे मानवतं. लाकूड पांढुरकं, जड आणि युरोपातल्या सर्वात टणक लाकडांपैकी एक; जळताना धग भरपूर. चक्क्यांच्या चाकांचे दाते, बैलांची जू, खाटकाचे ठोकळे, पियानोच्या आतले भाग यासाठी ते खपायचं. पण उघड्यावर लवकर कुजतं आणि सुताराच्या हत्याराची धार घालवतं, म्हणून इमारतीच्या कामात त्याला मान नव्हता. सरपणात मात्र होता.

या रानालगतच्या लाउटन गावात तोडीचा हंगाम 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री सुरू होई आणि 23 एप्रिलपर्यंत चाले. 1860 च्या दशकात जहागीरदाराने रानाला कुंपण घातलं. पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीनुसार फांद्या तोडल्या म्हणून 1866 मध्ये एका मजूर कुटुंबातल्या तरुणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे लंडन शहराचा कारभार पाहणारी संस्था कोर्टात उतरली आणि 1874 मध्ये कुंपणं बेकायदा ठरली.

इथवर गोष्ट गावकऱ्यांच्या बाजूने जाते. पण 1878 च्या कायद्याने रान सर्वांच्या विरंगुळ्यासाठी खुलं करतानाच तोडीचा हक्क मोडीत काढला. भरपाई मिळाली, तिच्यातून 1884 मध्ये गावात एक सभागृहही उभं राहिलं. ज्यांच्या कैदेमुळे हे प्रकरण गाजलं, त्यांच्याच हातची कुऱ्हाड शेवटी काढून घेतली गेली. कायद्याला रानाचं नैसर्गिक रूप जपायचं होतं. पण ते रूप घडलं होतं त्याच कुऱ्हाडीने, हे लिहिणाऱ्यांनी लक्षात घेतलं नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला. छाटणी थांबल्यावर वरच्या फांद्या खोडाइतक्या जाडजूड झाल्या आणि आतून पोकळ झालेले बुंधे त्यांच्या भाराने उभे फाटू लागले. खाली गर्द सावली पडून जमिनीवरची वनस्पती मागे हटली. त्याच पोकळ्यांत कुजक्या लाकडावर जगणारे भुंगेरे, बुरशी आणि वटवाघळं राहतात. झाड कोसळलं की त्यांचंही घर जातं. तीन पाळ्यांच्या पंखात बसलेलं हॉर्नबीमचं कठीण बी फोडून खाणारा जाड चोचीचा हॉफिंच पक्षी ब्रिटनमध्ये आधीच दुर्मीळ झाला आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटी छाटणी पुन्हा हाती घेतली गेली. पण शंभर वर्षांत कुऱ्हाड न लागलेल्या म्हाताऱ्या झाडाच्या साऱ्या फांद्या एकदम उतरवल्या, तर ते फुटेलच असं नाही. म्हणून काही फांद्या राखून, मध्ये वर्षं जाऊ देऊन, टप्प्याटप्प्याने काम करतात. सोबत कधीच न छाटलेल्या तरुण झाडांनाही आता डोक्यावरच्या उंचीला पहिला घाव घालतात.