ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वेगळं आणि सर्टिफाइड रेकॉर्ड मॅनेजर असणं वेगळं

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे रेकॉर्ड रूमला नेमणूक झालेले बरेच क्लार्क मित्र हल्ली एकच प्रश्न विचारतात, की भो, रेकॉर्ड मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स केला, नाव छापलेलं पीडीएफ पण आलं, मंग आता मी सर्टिफाइड झालो ना? नाही झाला. कोर्सची किंमत त्याने कमी होत नाही, चांगलंच केलं तुम्ही, पण या दोन गोष्टी खूप जण एकच समजतात आणि मग अर्जात, बायोडेटात नको ते लिहून बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट देतं कोण? ज्याने शिकवलं तोच. त्यात लिहिलेलं राहतं की अमुक माणूस अमुक तारखांना हजर होता, त्याला एवढा अभ्यासक्रम शिकवला, फार तर शेवटी एक टेस्ट घेतली. सर्टिफिकेशन देणारी संस्था तुम्हाला शिकवत नाही. तुम्ही कुठेही शिका, पुस्तक वाचून शिका नाहीतर गठ्ठे उपसून शिका, ती संस्था आधी तुमचा अनुभव बघते, मग परीक्षा घेते, आणि पास झाल्यावर पण दर काही वर्षांनी विचारते की अजून शिकताय का. म्हणजे ड्रायव्हिंग क्लासचं सर्टिफिकेट आणि आरटीओचं लायसन्स, एवढा सरळ फरक आहे. क्लासचा कागद कधी संपत नाही, लायसन्सची मुदत संपते.

आता आपल्याकडे काय काय मिळतं ते बघू. दिल्लीला भारतीय राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्यांचं स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज आहे, तिथे एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि काही आठवड्यांचे छोटे कोर्सेस आहेत, रेकॉर्ड मॅनेजमेंटचा, कागद दुरुस्तीचा, असे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यातच प्रशिक्षणाचं काम अभिलेखागाराच्या कामांमध्ये धरलंय. राज्यात पुराभिलेख संचालनालय आहे, ते मोडी लिपीचे वर्ग घेतं. पुण्याला यशदा ही राज्य सरकारची प्रशिक्षण संस्था आहे. आणि आता आयगॉट कर्मयोगी हे केंद्राचं ऑनलाइन ट्रेनिंगचं पोर्टल, कोर्स पूर्ण केला की लगेच सर्टिफिकेट डाउनलोड. हे सगळं पहिल्या प्रकारात येतं. दिल्लीचा वर्षभराचा डिप्लोमासुद्धा, कारण तो कितीही दर्जेदार असला तरी एकदा मिळाला की कायमचा, वीस वर्षांनी कोणी विचारायला येत नाही की ई-ऑफिस आल्यावर तुम्ही नवीन काय शिकलात. खात्याच्या परीक्षा पण सर्टिफिकेशन म्हणून मोजू नका, महसूलवाले दुय्यम सेवा आणि अर्हता परीक्षा देतात पण त्या पदासाठी आणि बढतीसाठी, त्या पास झालेला माणूस दप्तर सांभाळण्यात तयार असेलच असं नाही.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे १९७५ ला इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स म्हणजे आयसीआरएम स्थापन झाली. त्यांची सीआरएम म्हणजे सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर परीक्षा सहा भागांची. बसायच्या आधी तुमचं शिक्षण आणि या कामातला अनुभव दोन्ही तपासतात. पहिले पाच भाग पर्यायी प्रश्नांचे, रेकॉर्ड मॅनेजमेंटचा कार्यक्रम कसा चालवायचा, कागद तयार होतो तेव्हापासून तो कसा हाताळायचा, साठवण, मूल्यमापन, तंत्रज्ञान असे विषय, आणि सहावा भाग लेखी, त्यात एखाद्या कार्यालयाची अडचण देतात आणि तुम्ही ती कशी सोडवाल ते लिहून मागतात. दुसरा, तिसरा, चौथा एवढे भाग काढले तर सीआरए म्हणजे अॅनालिस्ट हा आधीचा टप्पा मिळतो. सीआरएम झाल्यावर पाच वर्षांत १०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, फी भरावी लागते, नाही केलं तर नावापुढची अक्षरं जातात. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण या कामात दहा वर्षांपूर्वी शिकलेलं आज जसंच्या तसं चालत नाही.

बरं, दोन्हीच्या मधलं पण एक आहे आणि गोंधळ जास्त तिथेच होतो. अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराने, ज्याला नारा म्हणतात, आधी सरकारी रेकॉर्डवाल्यांसाठी एक सर्टिफिकेट ठेवलं होतं, ज्ञानक्षेत्रं पाडलेली आणि त्यांच्या परीक्षा. नंतर प्रत्येक खात्याच्या मुख्य रेकॉर्ड ऑफिसरसाठी वेगळं क्रेडेन्शियल आणलं, नेमणूक झाल्यापासून वर्षाच्या आत ते मिळवायचं अशी अट घातली. आता हे शिकवणाऱ्यानेच दिलंय, म्हणून पूर्ण सर्टिफिकेशन म्हणता येत नाही, पण ते पदाला बांधलेलं आहे, म्हणून नुसतं हजेरीचं सर्टिफिकेट पण म्हणता येत नाही. सीआरएम माणसाला मिळतं, तो नोकरी बदलली तरी सोबत नेतो. हे खुर्चीसाठी असतं. आपल्याकडे खरं तर या मधल्या प्रकाराची सगळ्यात जास्त गरज आहे असं माझं ठाम मत आहे, आणि का ते खानदेशाच्याच दप्तरावरून सांगतो.

आपल्याकडे १९०६ पर्यंत अख्खा खानदेश एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळ्याला. मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले, १९६० ला महाराष्ट्र झाला त्या सुमारास त्यांनाच जळगाव आणि धुळे म्हणायला लागले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आता शहाद्याचा माणूस आजोबांच्या नोंदीसाठी आला तर आधी हे कळलं पाहिजे की त्या साली ते गाव कोणत्या कार्यालयाखाली होतं आणि विभाजनात ते दप्तर हललं का तिथेच राहिलं, अक्कलकुव्याकडे तर मेवासी इस्टेटी म्हणजे छोट्या स्थानिक सरदारांच्या जहागिरी होत्या, त्यांचा कारभारच वेगळा. हे माहीत नसलेला क्लार्क प्रामाणिकपणे तीन कपाटं शोधतो आणि "अभिलेख आढळून येत नाही" असं लिहून देतो, आणि त्या एका ओळीवर समोरच्या पोराचं अॅडमिशन जातं. कारण जात पडताळणीला अनुसूचित जमातीचा माणूस असेल तर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, ओबीसी असेल तर १९६७ च्या आधीचा, आणि तो पुरावा राहतो कुठे तर कोतवाल बुकात म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या गाव नमुना चौदामध्ये, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, जुन्या हक्क नोंदीत. २०२३ ला शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला राज्यभर दप्तरं उघडली तेव्हा सगळ्यांना कळलं की मोडी वाचणारी माणसं किती कमी उरलीत. सातपुड्यात वनहक्काच्या दाव्यांचं पण तेच, जुना कागद सापडला तर दाव्याला आधार मिळतो.

आणि शोधण्यापेक्षा अवघड काम नष्ट करण्याचं आहे. कागद लावायची सहा गठ्ठे पद्धत आणि त्यातली अ-ब-क-ड वर्गवारी सगळ्यांना पाठ राहते, अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, ड वर्षभराने नष्ट, पण एखादी फाईल अ मध्ये टाकायची का क मध्ये हे ठरवताना पुढच्या पन्नास वर्षांत तिची गरज कोणाला पडेल हे ओळखावं लागतं, आणि ते दोन तासाच्या व्हिडिओत येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे, त्यात नियम मोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम चारमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूची आणि निर्देशांकासह नीट ठेवायचे. एवढी जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, त्याला तिथे पाठवताना बऱ्याच कार्यालयांत एकच निकष लावतात, की या माणसाला दुसरीकडे कुठे बसवता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. मी अशी माणसं पाहिलीत की ज्यांनी धूळ खाऊन, स्वतःच्या पैशाने गठ्ठे बांधायच्या रुमालाचं कापड आणून, एकेक बस्ता गावनिहाय लावला, आणि लावून होईस्तोवर त्यांची बदली झाली, नवीन आलेल्याला कपाट कोणत्या क्रमाने लावलंय हे सांगणारं कोणी नाही. म्हणून म्हणतो, नेमणुकीनंतर वर्षभरात परीक्षा आणि पास झाला तरच खुर्ची, असं काहीतरी आपल्या अभिलेख अधिकाऱ्यांनाही लावलं पाहिजे, आणि पास होणाऱ्याला त्याबद्दल वेतनवाढ नाहीतर निदान त्याच कामावर टिकून राहायची हमी दिली पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? तहसीलला, झेडपीला, पंचायत समितीत असाल तर पहिला प्रकारच धरा, आणि त्यातही मोडीचा वर्ग आधी करा, कारण आपल्या कपाटातल्या सगळ्यात जुन्या बस्त्यांना तोच उपयोगी पडतो. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात एकदा जाऊन या, जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं कशी जपतात ते डोळ्याने दिसतं. रजा आणि परवानगी मिळत असेल तर दिल्लीचा छोटा कोर्स करा. सीआरएमच्या मागे सरकारी क्लार्कने लागू नये असं माझं मत, परीक्षा इंग्रजीत आहे, फी डॉलरमध्ये आहे, आणि आपल्या सेवानियमांत त्याला वेगळा भाव मिळत नाही. हां, नोकरी सोडून मोठ्या कंपनीच्या किंवा परदेशी संस्थेच्या रेकॉर्ड विभागात जायचं असेल, तर तिथे मात्र त्या तीन अक्षरांना वजन आहे, मग जरूर विचार करा.

सेवापुस्तकात नोंद करायला अर्ज देताना फक्त कोर्सचं नाव, घेणाऱ्या संस्थेचं नाव, तारखा आणि परीक्षा असेल तर निकाल एवढंच लिहा, सोबत प्रत जोडा. "प्रशिक्षण पूर्ण" लिहा, "प्रमाणित रेकॉर्ड मॅनेजर" लिहू नका. आणि कोणी क्लासवाला तीन दिवसांत सर्टिफाइड करून देतो म्हणाला तर त्याला दोनच गोष्टी विचारा, परीक्षा तुम्ही सोडून दुसरं कोण घेतं, आणि हे किती वर्षांनी रिन्यू करावं लागतं.