जोर्वे संस्कृतीतील दफनपद्धती

दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीत (इ. स. पू. सु. १४०० ते ७००) मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली वा अंगणात पुरण्याची प्रथा. या काळापैकी इ. स. पू. १००० नंतरचा उत्तर (म्हणजे उशिराचा) जोर्वे टप्पा मुख्यतः इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) येथे दिसतो, इतर बहुतेक वसाहती तोवर ओस पडल्या होत्या. डेक्कन कॉलेजने १९६८–८३ दरम्यान केलेल्या इनामगावच्या उत्खननाखेरीज नेवासे, चांडोली व दायमाबाद येथूनही अशी दफने मिळाली आहेत.

लहान मुलांसाठी हाताने घडवलेले, जाडसर, करड्या रंगाचे दोन गोल घट वापरीत. घराची जमीन फोडून खड्डा घेत, त्यात घट आडवे, तोंडाला तोंड भिडवून उत्तर-दक्षिण ठेवीत आणि शव आत असे. सोबत बहुधा तोटीचे भांडे व वाडगा ठेवीत. नेवासे व चांडोली येथे गळ्यातले तांब्याचे मणी दोऱ्याच्या अवशेषांसह मिळाले. खड्डा बुजवल्यावर जमीन पुन्हा सारवली जाई. त्यामुळे घराच्या एकावर एक सारवलेल्या जमिनींपैकी खड्डा नेमक्या कोणत्या जमिनीतून खणला, हे ओळखणे उत्खननात कळीचे ठरते. ते चुकले, तर नंतरचे दफन आधीच्या थरात मोजले जाते. माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. घट दबून फुटतात, अर्भकाची कोवळी हाडे चुरतात आणि वय ठरवायला पुष्कळदा दुधाच्या दातांचे अंकुरच उरतात.

प्रौढांना उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरीत. घोट्याखालची पावले मात्र नसतात. मृताने घर सोडून जाऊ नये वा भूत होऊन फिरू नये म्हणून ती तोडली जात, असा प्रचलित खुलासा आहे. पावलाची हाडे लहान व सुटी असल्याने ती आधी नाहीशी होतात, असा आक्षेप घेता येतो. पण बाकी सांगाडा जागेवर असताना दोन्ही पावले तेवढी नसणे हे अनेक दफनांत आढळत असल्याने तो पुरेसा वाटत नाही. तोडण्याची कृती मान्य करणे सोपे. तिचा हेतू हा अखेर तर्कच आहे.

इनामगावच्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातील दफन या नियमाला अपवाद आहे. चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला मांडी घालून बसवले होते आणि त्याची पावले शाबूत होती. घराचा आकार व शेजारचे धान्यकोठार पाहता तो गावचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कर्नाटक-आंध्रातील नवाश्मयुगीन लोकांतही मुलांना घटात पुरीत. करड्या भांड्यांच्या साम्यामुळे काही अभ्यासक हा दाक्षिणात्य प्रभाव मानतात. तथापि इनामगावच्या, जोर्वेच्या आधीच्या माळवा संस्कृतीच्या थरातही (इ. स. पू. सु. १६००–१४००) मुलांची घटदफने आहेत. तेव्हा जोर्वे लोकांना ही रीत आधीच्या वस्तीकडून मिळाली, हे अधिक संभवते. माळवा लोकांनी ती कोठून घेतली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. दाक्षिणात्य संपर्क त्या काळातलाही असू शकतो.

इनामगावच्या मानवी अवशेषांचा अभ्यास सुभाष वाळिंबे व जॉन लुकाच यांनी केला. दफने वस्तीच्या आतच असून वेगळी दफनभूमी आढळलेली नाही.