औद्योगिक विद्रावकांची त्वचा व नेत्रदाहकता : मूल्यमापन

एखादे विद्रावक (दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव, सॉल्व्हंट) कातडीला किंवा डोळ्याला लागले तर लाली, सूज, जळजळ होईल का, आणि झालेली इजा भरून येईल की कायमची राहील, हे ठरवण्याची पद्धत. कोल्हापूर परिसरात हा रोजच्या कामाचा विषय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत साच्याला मारायच्या कोटिंगमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. रंगकामाच्या थिनरमध्ये टोल्यूइन आणि झायलिन असतात. शिवाजी उद्यमनगरातल्या मशीनशॉपमध्ये जॉबवरचे (यंत्रावर घडवलेल्या भागावरचे) तेल रॉकेलने नाहीतर एमटीओने (मिनरल टर्पेंटाइन) पुसतात.

भरून येणारी इजा म्हणजे दाह. ऊती मरून व्रण राहिला तर ते क्षरण. बहुतेक विद्रावके पहिल्या गटात मोडतात. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींच्या मध्ये मेदाचे अस्तर असते आणि त्यामुळे शरीरातले पाणी आत राहते. विद्रावक हे अस्तरच विरघळवते. मग पाणी उडून जाते, कातडी पांढुरकी आणि खरखरीत होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडतात आणि त्या वाटेने पुढची रसायने सहज आत शिरतात.

मोजणीची जुनी पट्टी अमेरिकी विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये मांडली. सशाच्या कातडीवरील लालीला ० ते ४ आणि सुजेला ० ते ४ असे गुण दिले जात. याच पट्टीवरून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेची ४०४ क्रमांकाची चाचणी आली : ०.५ मिलिलिटर द्रव, ४ तास संपर्क, पुढे १४ दिवसांपर्यंत निरीक्षण. डोळ्यासाठीच्या ४०५ क्रमांकाच्या चाचणीत ०.१ मिलिलिटर द्रव टाकून २१ दिवसांपर्यंत पाहतात. आता सशाकडे वळण्याआधी प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी त्वचा वापरतात (चाचणी ४३९). द्रव लावल्यावर तिच्या जिवंत पेशी ५० टक्के किंवा त्याहून कमी उरल्या तर पदार्थ दाहक ठरतो. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या बैलाच्या पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) धूसरपणा मोजतात (चाचणी ४३७). गुण ५५ च्या वर गेले तर गंभीर इजा, ३ किंवा कमी असतील तर वर्गीकरण नाही. मधल्या गुणांवर ही चाचणी निर्णय देत नाही. शिवाय अल्कोहोल आणि कीटोन गटातल्या द्रवांना ती गरजेपेक्षा कडक गुण देते. विद्रावकांच्या अहवालात नुसता हा आकडा वाचून निष्कर्ष काढू नये, ते यासाठी.

रसायनांचे धोके वर्गवार मांडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत या निकालांचे संकेत होतात. एच ३१५ म्हणजे त्वचादाह, एच ३१९ म्हणजे तीव्र नेत्रदाह, एच ३१८ म्हणजे डोळ्याची गंभीर इजा. टोल्यूइन आणि झायलिनला ३१५ लागतो, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलला ३१९. ब्युटेनॉलला ३१५ आणि ३१८ दोन्ही लागतात. मिश्रणाची चाचणी झालेली नसेल तर घटकांच्या प्रमाणावरून हिशेब करतात. त्वचादाहक घटक एकूण १० टक्के किंवा जास्त असतील तर मिश्रणही त्वचादाहक. डोळ्याला गंभीर इजा करणारा घटक मात्र ३ टक्के असला तरी पुरतो. म्हणजे थिनरमध्ये ५ टक्के ब्युटेनॉल असेल तर तो डबा ३१८ च्या पातळीचा धरायचा.

हा हिशेब करायला घटक माहीत असावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सुट्टा घेतलेला थिनर कॅनमध्ये येतो, कॅनवर लेबल नसते आणि पुढच्या खेपेला त्यात तेच घटक असतील याची खात्री नसते. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार अशा रसायनांसोबत सुरक्षा माहितीपत्रक यायला हवे. या पत्रकाला कारखान्यात एमएसडीएस म्हणतात. जीएचएस पद्धतीच्या सोळा भागांच्या पत्रकातले २ (धोके), ४ (प्रथमोपचार), ८ (संरक्षण) आणि ११ (विषशास्त्रीय माहिती) हे भाग या विषयाचे.

पण पत्रक हातात असले तरी मूल्यमापन पुरे होत नाही. चाचणी ४ तासांच्या एका संपर्काची असते. पाळी सुटताना हाताचा रंग आणि ग्रीस थिनरच्या चिंधीने काढायची सवय वर्षानुवर्षे चालते. ॲसिटोनला त्वचादाहाचा संकेत नाही, तरी वारंवार लागल्याने कातडी कोरडी पडून फुटते. त्यामुळे कागदावर सौम्य दिसणारा द्रव शॉपमध्ये जास्त हात बिघडवतो. म्हणून कामगाराचे हात प्रत्यक्ष पाहायला हवेत : बोटांच्या बेचक्या, अंगठीखालची जागा, मनगटावर हातमोज्याची कड येते तो भाग. लालीवर बेतलेली पट्टी इथे अपुरी पडते. सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही, डाग काळपट किंवा जांभळट वाटतो. तेव्हा हात फिरवून खरखर आणि उष्णता पाहावी, खाज आणि चुरचुर विचारावी. सुट्टीत हात बरे होतात आणि कामावर आल्यावर पुन्हा बिघडतात का, हा प्रश्न तर चुकवूच नये. संशयित थिनर तसाच पट्टीखाली लावून ॲलर्जीची तपासणी करणे चूक आहे. त्याने कोणाचीही कातडी भाजेल. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात रसायने आणि रंगांमुळे होणारा त्वचारोग कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता.

हातमोजा द्रवाप्रमाणे बदलतो. नायट्राइल रबराचा हातमोजा तेल आणि रॉकेलला चालतो, ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत पार होते. ॲसिटोनसाठी ब्युटिल रबर लागते. टोल्यूइनपुढे मात्र ब्युटिलही टिकत नाही. दोन्ही असलेल्या थिनरसाठी बहुपदरी प्लॅस्टिकचे हातमोजे आतून घालतात. हात धुवायला साबण आणि पाणी, नंतर साधे मलम.

डोळ्यात शिंतोडा गेला तर चोळायचे नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ, संथ धारेखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवायचा, लेन्स असेल तर सहज निघते का पाहून काढायची. पाण्याचा नळ थिनरच्या टेबलापासून काही पावलांवर, वाटेत जॉबचे ढीग नसलेल्या जागी असावा, कारण डोळे मिटलेला माणूस तिथवर चाचपडत जाणार असतो. धुऊन झाल्यावर नेत्रतज्ज्ञाकडे नेताना थिनरचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो बरोबर न्यावा.