रक्ताचं पाणी

आठवडाभर एकटीनं सायकल चालवून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आरोग्य तपासणी होती. रिपोर्टात हिमोग्लोबिन १२.५. महिन्याभरापूर्वी तेच १३.४ होतं. शिवाय वजन कमी व्हायचं सोडून पाऊण किलोनं वाढलेलं. आईनं रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "एवढं रक्ताचं पाणी करून मिळवलंस काय?"

ती चिडून बोलली होती, पण तिचं वाक्य शब्दशः खरं होतं. सात दिवसांत माझ्या रक्तात खरोखरच पाणी वाढलं होतं. आणि त्या आठवड्यात माझ्या शरीरात जे काही 'नवं' झालं, त्यातला सर्वात मोठा वाटा त्या पाण्याचाच होता.

निघण्याआधी भावानं एक फॉरवर्ड पाठवलं होतं. सात दिवस निसर्गात राहा, पेशी नव्या होतात, शरीर 'रीसेट' होतं, वगैरे. पेशींचं म्हणाल तर लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतातच, तुम्ही सायकलवर असा नाहीतर सोफ्यावर. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. यातल्या कुणालाही आठवड्याच्या मुदतीशी काही देणंघेणं नाही. तरीही परत येणारा माणूस बदललेला असतो, हे मी अनुभवानं सांगते. मग बदलतं काय?

माझ्या सायकलच्या पेडलला वॅट मोजणारं यंत्र आहे आणि छातीला ठोके मोजणारा पट्टा. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, मागे सामानाच्या दोन पिशव्या, सोबतीला कुणी नाही. एकटं असण्याचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं: वेग तुमचा असतो. गटात कुणीतरी चढावर जोर काढतो आणि बाकीच्यांचा दम त्याच्या मागे फरफटतो. एकटीला बोलता येईल इतपतच जोर लावायचा, असं ठरवलं होतं. बोलायला कुणी नसल्यामुळे मी पाढे म्हणत होते. एकोणतीसचा पाढा न अडखळता आला की वेग बरोबर. अडखळला की गिअर हलका. (तो मला बसल्या जागीही नीट येत नाही, ही गोष्ट अलाहिदा.)

दुसऱ्या दिवशी १३० वॅटला माझे ठोके मिनिटाला १४८ पडत होते. सहाव्या दिवशी तेवढ्याच वॅटला १३६. इंजिन तेच, काम तेच, आणि ठोके बारानं कमी. स्नायूंत नवी मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जाकेंद्रं) आणि नव्या केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) तयार व्हायला सुरुवात होते, पण त्याचं पीक हाती यायला आठवडे लागतात. नव्या तांबड्या पेशींचंही तसंच. सहा दिवसांत भरून निघण्यासारखी एकच गोष्ट शरीरात आहे: रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्तातला पेशींव्यतिरिक्तचा पिवळसर पातळ भाग. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा त्याचाच, आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी.

हे मोजलं गेलंय. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना सलग आठ दिवस, रोज दोन तास स्थिर सायकलवर बसवलं. आठवड्याअखेर त्यांचा रक्तद्रव सरासरी १२ टक्क्यांनी, म्हणजे चारशे मिलीलिटरहून थोडा जास्त वाढला होता.

आता तुम्ही म्हणाल, पाणी प्यायलं की रक्तात पाणी वाढणारच. तसं होत नाही, आणि मला या विषयाचं वेड लागलंय ते इथेच. एक लिटर साधं पाणी पिऊन बघा. दोन तासांच्या आत मूत्रपिंडं त्यातलं बहुतेक बाहेर काढतात. पाणी आत येणं सोपं, त्याला रक्तवाहिनीत धरून ठेवणं अवघड. कारण केशवाहिनी म्हणजे बंद पाइप नव्हे, तिची भिंत गळकी आहे. हृदयाच्या दाबानं पाणी सतत त्या भिंतीतून बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपत असतं. मग आपण सगळे सुजून का जात नाही?

याचं उत्तर १८९६ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं दिलं. रक्तद्रवात प्रथिनं विरघळलेली असतात, आणि ती आकारानं मोठी असल्यामुळे भिंतीतून सहजी बाहेर पडत नाहीत. जिकडे प्रथिनं जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवल्या होत्या ना, तेच परासरण. म्हणजे केशवाहिनीच्या भिंतीवर सतत रस्सीखेच चालू असते: हृदयाचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, प्रथिनं त्याला आत ओढतात. पाठ्यपुस्तकातले आकडे असे: केशवाहिनीच्या सुरुवातीला बाहेर ढकलणारा दाब पाऱ्याच्या ३५ मिलिमीटरच्या आसपास, शेवटी १५, आत ओढणारी प्रथिनांची ताकद सगळीकडे २५. सुरुवातीला पाणी बाहेर, शेवटी परत आत. हे सुबक चित्र अलीकडे बदललंय. शेवटाला परत येणारं पाणी वाटलं होतं त्याहून बरंच कमी असतं, आणि रोज काही लिटर द्रव लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे पेशींमधला जादा द्रव गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, आडवाटेनं मानेजवळच्या मोठ्या शिरांत परत येतो. पण रस्सीखेचीचं मूळ तत्त्व टिकून आहे.

प्रथिनांच्या बाजूचा मुख्य गडी म्हणजे अल्ब्युमिन. ते यकृतात तयार होतं. आत ओढणाऱ्या ताकदीतला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा त्याचा. एक ग्रॅम अल्ब्युमिन साधारण १८ मिलीलिटर पाणी धरून ठेवतं. माझ्या शरीरात ३०० मिलीलिटर रक्तद्रव वाढला असं धरलं, तर तो टिकवायला सुमारे १७ ग्रॅम जादा अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांत यायला हवं. यकृत दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमच तयार करतं, आणि त्यातलं बहुतेक रोजची झीज भरून काढण्यात खर्ची पडतं. मग आणायचं कुठून?

गंमत अशी की शरीरातलं निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन मुळातच रक्ताबाहेर, ऊतींच्या मधल्या जागेत असतं. पाय तासन्‌तास हलत राहिले की स्नायू पिळले जातात, लसिकेचा प्रवाह वाढतो आणि ते बाहेरचं अल्ब्युमिन रक्तात परत येतं. पहिल्या चोवीस तासांतली वाढ मुख्यतः या उसनवारीवर चालते. पुढच्या दिवसांत यकृतही उत्पादन वाढवतं. आणि हा सगळा खेळ शरीराच्या स्थितीवरही अवलंबून असतो. बसून केलेल्या जोरदार व्यायामानंतर रक्तद्रव वाढतो. तोच व्यायाम आडवं पडून केला तर वाढत नाही, असं प्रयोगांत दिसलंय. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त पायांत उतरणं आणि छातीतल्या मोठ्या शिरांना 'रक्त कमी भरतंय' अशी जाणीव होणं, हा इशाऱ्याचा एक भाग असावा. अंतराळवीरांचं याच्या बरोब्बर उलट होतं. वजनरहित अवस्थेत रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं रक्त फार झालं, आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांचा रक्तद्रव दहा-पंधरा टक्क्यांनी घटतो.

पण अल्ब्युमिननं ओढायचं तर ओढण्यासाठी शरीरात पाणीही हवं, आणि पाणी मिठामागे जातं. सायकल चालवताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडं घाबरतात आणि रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरोन हे संप्रेरक (हॉर्मोन) सोडतात. अल्डोस्टेरोन मूत्रपिंडाला सांगतं, मीठ बाहेर जाऊ देऊ नकोस. हेच संप्रेरक घामाच्या ग्रंथींनाही तीच तंबी देतं. पहिल्या दोन दिवशी माझ्या काळ्या जर्सीवर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे उमटत होते, खरवडले तर भुगा पडेल असे. सहाव्या दिवशी घाम तेवढाच, जर्सी जवळजवळ काळीच. आणि चौथ्या संध्याकाळी मोजे काढले तर घोट्याच्या वर रिबच्या रेघा खोल उमटलेल्या, बोटानं दाबलं तर बारीक खळगा राहत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांना सलग पाच दिवस डोंगरांवर चालवून असाच अभ्यास झाला होता. त्यांच्या शरीरात मीठ साठलं आणि पायांवर थोडी सूज आली. माझ्या वजनातला पाऊण किलो हाच.

आता ठोके का उतरले? इथे पुन्हा स्टार्लिंगच भेटतो. हृदयाचा स्नायू भरताना जितका ताणला जाईल तितक्या जोरानं तो आकुंचन पावतो, हा नियम जर्मनीतल्या ओटो फ्रँकच्या आणि त्याच्या नावानं ओळखला जातो. रक्त जास्त, म्हणजे शिरांतून हृदयात परत येणारं रक्त जास्त, म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त जास्त. १३० वॅटला मला मिनिटाला १५ लिटर रक्त लागतं असं धरा. १४८ ठोक्यांत ते भागवायचं तर प्रत्येक ठोक्याला १०१ मिलीलिटर. १३६ ठोक्यांत भागवायचं तर ११०. दर ठोक्याला दोन चमचेही नाहीत, एवढाच फरक. (आणि अल्डोस्टेरोनसारख्या पदार्थांना 'हॉर्मोन' हे नाव १९०५ मध्ये व्याख्यानातून दिलं कुणी? स्टार्लिंगनं. केशवाहिनी, हृदय, संप्रेरक: माझ्या आठवड्याच्या प्रत्येक वळणावर हा गृहस्थ आधीच येऊन बसला होता.)

एक शंका प्रामाणिकपणे मांडायला हवी. सलग दिवसांच्या थकव्यानंही ठोके दबतात, ते काही चांगलं लक्षण नव्हे. फरक पायांत कळतो. थकव्यात ठोके खाली असतात पण पाय शिशाचे होतात आणि तेच वॅट काढायला जीव मेटाकुटीला येतो. माझा त्या दिवशी एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत गेला.

आणि हिमोग्लोबिन? साडेचार लिटर रक्तात डेसिलिटरमागे १३.४ ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे ६०३ ग्रॅम. तेच ६०३ ग्रॅम ४.८ लिटरमध्ये पसरले की १२.५ च्या घरात येतात. हिमोग्लोबिनचा एक कणही गेलेला नव्हता. खेळाडूंच्या या अवस्थेला आभासी अ‍ॅनिमिया म्हणतात. दर मिलीलिटरमागे ऑक्सिजन थोडा कमी, पण ठोक्यामागे रक्त जास्त, शिवाय पातळ रक्त सहज वाहतं आणि घामासाठी पाण्याचा साठा मोठा होतो. शरीराला हा सौदा परवडतो. अर्थात हे वाचून कुणी कमी हिमोग्लोबिनकडे काणाडोळा करू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं, तरीही कमी असेल तर लोहाचा साठा बघून घ्यावा.

मनाचं काय, असं विचाराल. थोडक्यात सांगते. व्यायामानंतरच्या आनंदाचं श्रेय सर्रास एंडॉर्फिनला दिलं जातं. पण रक्तात वाढणारं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. धावण्यानं आणि सायकलनं रक्तात आणखी एक रेणू वाढतो, तो मात्र मेदात विरघळणारा असल्यामुळे मेंदूत सहज पोचतो. तो १९९२ मध्ये सापडला तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतातून घेतलं: आनंदामाइड. झोपेची गोष्ट वेगळी. २०१३ मधल्या एका अभ्यासात आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत राहिलेल्या लोकांचं शरीरातलं घड्याळ सुमारे दोन तासांनी अलीकडे सरकलं होतं. मी रात्री नऊला पेंगत होते ते यामुळेच असावं.

घामातून 'विषारी द्रव्यं' निघून गेल्याचं मात्र कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्या आठवड्यात माझी मूत्रपिंडं टाकण्यापेक्षा राखण्यातच गुंतलेली होती.

हे सगळं भांडवल टिकत नाही. सायकल थांबली की अल्डोस्टेरोन ओसरतं, मीठ सुटतं, जादा पाणी निघून जातं. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री मी पाणी फारसं न पिताही तीनदा उठले. पायांवरच्या मोज्यांच्या रेघा तोवर पुसल्या होत्या. दोन आठवड्यांनी काट्यावर जुनं वजन होतं, आणि सायकल काढून १३० वॅटवर नेली तर ठोके १४५. हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं, १३.३ आलं. आईनं तो रिपोर्ट फ्रिजवर चुंबकानं लावलाय.